रमण खासनीसची भैरवी

रमण खासनीसला न समजलेली एकही गोष्ट गेल्या अकरा वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली नाही. मी २०१४ च्या एप्रिलमध्ये हॅमिल्टनला मुलाकडे, शुभंकरकडे, कायमची राहायला आले. आल्यावर दुसऱ्याच रविवारी मराठी मंडळाचा गुढीपाडवा होता. तिथे या गृहस्थाने मला, सदुसष्ट वर्षांच्या बाईला, चक्का टांगताना फडक्याची गाठ कशी मारावी ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. माझ्या पानातल्या श्रीखंडाला पाणी सुटलं होतं आणि ते त्यानेच केलं होतं, हे मला शुभंकरने घरी जाताना सांगितलं.

रमणचा जन्म मिरजेचा, शिक्षण पुण्याचं आणि नोकरी दुधाची. मिरज त्याने तिसऱ्या वर्षी सोडली, पण गाण्याचा विषय निघाला की तो म्हणतो, मिरजेची हवा एकदा कानात गेली की कान तयार होतो. इथे तो तेवीस वर्षं दूध पावडरीच्या एका कारखान्यात प्रतवारी तपासतो. पोत्यातून नमुना काढायचा, तपासायचा आणि शिक्का मारायचा. हे काम तो चोख करतो, असं त्याच्या हाताखालचे लोकही सांगतात. अडचण अशी, की शनिवार-रविवारी तो गाण्यालाही शिक्के मारत बसतो.

त्याच्या तबल्याबद्दल मी एवढंच सांगते. मी वयाच्या सतराव्या वर्षापासून रोज लिहिते, तारखेसकट लिहिते, त्यामुळे मला आठवणीवर विसंबावं लागत नाही. २०१५ च्या जूनमध्ये रमण म्हणाला होता की कॉलेजात असताना तो दोन महिने तबल्याच्या क्लासला गेला. २०१८ च्या गणपतीत त्याची दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत तो गुरुजींच्या घरी राहून शिकला होता आणि गुरुजींचा हात त्याच्या डोक्यावर होता. अजून पाच वर्षं मी जगले तर तो गुरुजींना शिकवायला लागलेला पाहीन.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता रमणच्या घरी श्रवणसत्र असतं. चौदा-पंधरा माणसं येतात, दारात बूट काढतात, हीट पंपाखालची उबदार जागा आधी कोण पकडतो ते बघतात आणि गालिच्यावर बसतात. माझ्यासारख्यांना खुर्ची मिळते. मग रमण वीस मिनिटं बोलतो, चार मिनिटं गाणं लावतो, ते मध्येच थांबवतो आणि बोट वर करून विचारतो, "आता काय झालं, लक्षात आलं?" कुणाच्याच लक्षात आलेलं नसतं. मोहन गद्रे मात्र मान हलवतो. मोहन औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, शहाणा माणूस आहे, पण रमणसमोर बसला की वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याची मान सुरू होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट दर शुक्रवारी ग्रामोफोन लावायच्या. त्यांची सूचना एकच असायची, हात मांडीवर, तोंड बंद. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण ऐकायचं कसं हे त्यांनी चार शब्दांत शिकवलं होतं. रमणला ते तेवीस वर्षांत कुणी शिकवलं नाही, कारण कुणाला मध्ये बोलायची संधीच मिळाली नाही.

या सत्रांच्या वेळी त्याची बायको कांचन स्वयंपाकघरात असते. कांचन इथल्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या विभागात नर्स आहे. सत्तावन्न वर्षांची, बुटकी, कमी बोलणारी. लोक तिच्याकडे चहा मागतात आणि रमणकडे मत मागतात. २०१९ च्या एका रविवारी मी पाणी प्यायला आत गेले, तर ती झारा हातात धरून दाराशी उभी होती. बाहेर कुणाचीतरी सरोद लागली होती. कढईतलं तेल धुरायला लागलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. रमणने बाहेर सरोद थांबवून बोलायला सुरुवात केली, तेव्हा ती भानावर आली आणि गॅसकडे वळली. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी झोपमोड झालेल्या लहान मुलांच्या तोंडावर पाहिलं आहे.

मागच्या वर्षी तिच्या विभागात एक निवृत्त संगीतशिक्षक आठवड्यातून तीनदा यायचे. चार-चार तास खुर्चीत पडून राहायचं, म्हणून कानाला हेडफोन लावायचे. एकदा त्यांनी तो तिच्या कानाला लावला. चिहारू कुरामोची नावाच्या एका जपानी बाईंचा सॅक्सोफोन होता. अल्बमचं नाव 'शिओमाची'. भरती येईपर्यंत होड्यांनी बंदरात थांबून राहायचं, त्याला जपानीत तसं म्हणतात, हे मला कांचननेच सांगितलं. तिने त्याची सीडी मागवली आणि गाडीत ठेवली. तिची गाडी इथल्या निम्म्या गाड्यांसारखी जपानमध्ये वापरून इकडे आणलेली आहे. सुरू केली की आतली बाई जपानीत काहीतरी बजावते. कांचन तिला मराठीत "हो बाई" म्हणते आणि सीडी लावते. घरापासून हॉस्पिटलपर्यंत वीस मिनिटं आणि परत येताना वीस. त्या चाळीस मिनिटांत तिला कुणी काही समजावून सांगत नव्हतं.

मे महिन्यात तिने मला डोळे तपासायला नेलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. आम्ही पार्किंगमध्ये पोचलो होतो, वेळही झाली होती, पण ती इंजिन बंद करेना. सॅक्सोफोन एकटाच वाजत होता. एखादा माणूस अंधाऱ्या घरात दिव्याचं बटण चाचपडत जातो तसा. मग खालून मोठ्या व्हायोलिनसारखं जे वाद्य उभं राहून वाजवतात ते आलं आणि दोघं बरोबर चालू लागली. संपल्यावर कांचनने सांगितलं की ही मंडळी ऑगस्टच्या तीन तारखेला, रविवारी दुपारी, इथल्या विद्यापीठाच्या सभागृहात वाजवणार आहेत. तिने दोन तिकिटं काढली होती, एक तिचं आणि एक माझं. घरात बोलली नव्हती.

"मावशी, मला एकदा हे समोर बसून ऐकायचंय," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये कुणी काही सांगायचं नाही."

एवढीच तिची मागणी होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिने याहून मोठं काही मागितलेलं मी ऐकलेलं नाही.

जूनमध्ये रमणची गाडी वॉरंटच्या, म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही त्याच्या, सरकारी तपासणीत नापास झाली आणि गॅरेजमध्ये अडकली. तीन दिवस त्याने कांचनची गाडी वापरली. चौथ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर जाहीर झालं, की जुलैच्या सत्राचा विषय 'जपानी सॅक्सोफोन आणि आपले राग' हा आहे, वक्ते रमण खासनीस.

त्या दिवशी मी मुद्दाम गेले. रमणने सुरुवातीलाच सांगितलं की बाईंच्या बोटांत कला आहे, पण बैठक कशी मांडावी हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. अल्बममध्ये आठ रचना होत्या आणि त्यांचा क्रम साफ चुकला होता. मैफल संथ सुरू व्हायला हवी, मग वेग वाढायला हवा आणि शेवटी भैरवी हवी. म्हणून त्याने स्वतःच क्रम लावून आणला होता. सहावी रचना आधी, तो मारवा होता. मग दुसरी, मग आठवी. प्रत्येकीचे तुकडे करून, मध्ये बोट वर करून, त्याने ती मंडळींना पाजली. सगळ्यात शेवटी त्याने चौथी लावली. ही त्या जपानी बाईंच्या हातून नकळत झालेली अस्सल भैरवी आहे, असं त्याने सांगितलं. रिषभ, गंधार, धैवत, निषाद, सगळे कोमल. मंडळींनी सवयीने डोळे मिटले आणि ती संपताच सवयीनेच गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागली. भैरवी झाली की आपल्याकडे कुणी बसत नाही.

कांचन दाराशी आली होती. ती म्हणाली की मुळात ही चौथी आहे आणि हिच्यापुढे अजून चार आहेत. रमण हसला. सीडी छापणाऱ्या कंपनीला भैरवी काय कळणार, असं तो म्हणाला, आणि मोहनने मान हलवली.

त्याच संध्याकाळी रमणने कार्यक्रमाची चौदा तिकिटं एका रांगेत काढली. कांचनने आधीच दोन काढली आहेत हे कळल्यावर त्याने ती सभागृहात फोन करून बदलून घेतली आणि आम्हा दोघींना आपल्या शेजारी आणलं. तिला हे उपकार वाटावेत अशी त्याची अपेक्षा होती. मागच्या कोपऱ्यात काय ऐकणार तू, मी शेजारी असलो की कळेल तरी, असं त्याने माझ्यासमोर म्हटलं. कांचनने एकच अट घातली, की आत गेल्यावर बोलायचं नाही. हॉलमध्ये मी कधी बोलतो का, असं त्याने विचारलं. याचं उत्तर मी तारखांसकट देऊ शकले असते.

तीन ऑगस्टला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याची थंडी होती आणि लख्ख ऊन होतं. आम्ही मधल्या रांगेत बसलो. एका बाजूला मोहन आणि मंडळी, मग रमण, त्याच्या पलीकडे कांचन, तिच्या पलीकडे मी. चिहारू कुरामोची चाळिशीच्या असाव्यात. राखाडी पँट, सपाट बूट, केस मागे बांधलेले. त्यांनी इथल्या पद्धतीने "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हटलं, सोबतच्या तिघांची नावं सांगितली आणि वाजवायला लागल्या. एवढ्या मोठ्या कलाकार बाईने काहीच समजावून सांगितलं नाही. रमणला ती उणीव वाटली असावी, कारण दुसऱ्याच मिनिटाला तो कांचनच्या कानाशी झुकून "गंधार" म्हणाला. पुढच्या रांगेत लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी बाई होती. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. तेव्हा तो गप्प झाला. मग त्याने दोघांच्या खुर्च्यांमधल्या हातावर बोटांनी ताल धरला. सात मात्रा, रूपक, हे त्याला सगळ्यांना कळवायचं होतं. कांचनने आपला हात उचलून मांडीवर घेतला. दुसरी, तिसरी रचना अशी गेली. ऐकणं कमी आणि शेजारचा माणूस आता काय करील याची धास्ती जास्त, असं तिचं चाललेलं मला दिसत होतं.

मग चौथी आली. आम्ही गाडीत ऐकली होती त्याहून त्यांनी ती त्या दिवशी संथ वाजवली. शेवटचा स्वर इतका बारीक केला की तो संपला कधी हे कळलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. कुरामोचीबाईंनी सॅक्सोफोन स्टँडवर ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली. पियानोवाल्याने चष्मा पुसायला काढला.

रमण उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर जोडून त्याने रंगमंचाकडे नमस्कार केला, रांगेकडे वळला आणि "भैरवी" एवढंच म्हणाला. मोहनने पफर जॅकेटमध्ये हात घातलेच होते. चौदाच्या चौदा माणसं उठली. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं की पाऊणच तास कसा झाला, तर रमण म्हणाला की परदेशी कलाकार वेळेचे पक्के असतात, बाकी बाहेर सांगतो. लोकांच्या गुडघ्यांना घासत, सॉरी सॉरी म्हणत, सगळी रांग दाराकडे सरकली. जुलैत त्याने ज्या क्रमाने ऐकवलं होतं त्या क्रमाने कार्यक्रम खरोखरच संपला होता. बाकीच्या दोनशे माणसांपैकी एकही उठलेला नाही, हे त्या चौदा पदवीधरांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

कांचन बसून होती. रमणने गाडीची किल्ली हलवून तिला खूण केली. ती समोर बघत राहिली. तो वाकून म्हणाला, "कांचन, ऊठ. भैरवी झाली."

"तुमची झाली असेल," ती म्हणाली. "मी बसते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. रंगमंचावर ड्रमवाल्याने काड्या बदलून घेतल्या होत्या आणि टोपीवाली बाई पुन्हा वळली होती. रमणला त्या क्षणी बसता आलं असतं. चूक झाली हे त्याला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण बाहेर तेरा माणसं त्याच्या स्पष्टीकरणासाठी थांबली होती. ते सोडून गाणं ऐकत बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो गेला.

मग उरलेल्या चार रचना झाल्या. गाडीत ऐकताना माझं लक्ष गेलं नव्हतं, आणि रमण तर दर चार मिनिटांनी थांबवायचा, त्यामुळे त्यालाही कधी कळलं नसणार, की त्या चार रचना एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक संपत नाही, दुसरी तिच्यातूनच निघते. मध्ये टाळीला जागा नाही. आधी नुसता पियानो, एकाच जागी थांबून राहिल्यासारखा. मग ड्रमवर ब्रशची सळसळ, पाणी खडकांत शिरताना होते तशी. मग सॅक्सोफोन आला आणि तो इतका मोठा होत गेला की माझ्या छातीत धडधडायला लागलं. मला त्यातले स्वर सांगता येणार नाहीत. कांचन हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून, जराशी पुढे झुकून बसली होती. तिच्या शेजारी चौदा रिकाम्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

साधारण मध्यावर डावीकडच्या दाराशी हालचाल झाली. दाराला काचेची उभी पट्टी होती आणि तिच्यामागे रमणचं तोंड दिसत होतं. आत, दाराशी बसलेल्या मुलीने त्याला हाताने थांबवलं आणि रंगमंचाकडे बोट दाखवलं. वाद्य चालू असताना दार उघडायचं नाही, असा तिथला नियम आहे, तो तिकिटावरही छापलेला असतो. रमण काचेमागून तिला काहीतरी समजावून सांगू लागला. बोट वर झालं. ती मान हलवत राहिली, त्याचं तोंड हलत राहिलं. कांचनने एकदाच तिकडे पाहिलं. मग ती पुन्हा समोर बघू लागली. तिच्या खांद्यांवरचा ताण गेलेला मला शेजारून दिसला. तो बाहेर होता आणि दार बंद होतं. चौतीस मिनिटं ते कुणी उघडलं नाही.

संपल्यावर सगळे उभे राहिले. कांचन उठली नाही, कारण तिला उठता येत नव्हतं. मी तिच्या हाताला धरलं नाही की काही विचारलंही नाही.

बाहेर मंडळींपैकी फक्त मोहन उरला होता. बाकीचे घरी गेले होते, काही दुकानांत गेले होते. चूक कळल्यावर रमणला एकटं सोडून जाण्याचं धैर्य त्यांच्यात प्रथमच आलं असावं. रमणने आम्हाला पाहताच सांगायला सुरुवात केली. कलाकाराने भैरवीनंतर वाजवणं हा संकेतभंग आहे, आणि आयोजकांनी आधी सूचना द्यायला हवी होती, तो ईमेल लिहिणार आहे. ती मुलगी उद्धट होती. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला.

"पुढे काय वाजवलं?"

"उरलेली चार," कांचन कोटाची बटणं लावत म्हणाली.

"ते कळलं गं. कशी वाजवली? द्रुत होती ना?"

"तुम्हाला माहीतच असेल की."

रमणने मोहनकडे पाहिलं. मोहनची मान हलली नाही. तो जमिनीकडे बघत होता.

"अगं, मला पुढच्या सत्रात सांगावं लागणार आहे," रमण म्हणाला. "थोडक्यात सांग. क्रम तरी सांग."

"मी ऐकलं," कांचन म्हणाली. "मला सांगायचं नाहीये."

तिचा आवाज चढला नव्हता. पेशंटला सुई टोचण्याआधी सांगावं तसं तिने ते सांगितलं. रमणला वाटलं असावं की तिला ते सांगता येत नाहीये. मग तो माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्ही तरी सांगा. तुम्ही तर सगळं लिहून ठेवता."

"मला डुलकी लागली होती," मी म्हणाले.

खोटं बोलू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि मी सहसा बोलत नाही. रमणने त्यावर लगेच विश्वास ठेवला. वय झालं की हीट पंपाच्या गरम हवेत असं होतं, त्यामागचं कारण काय, हेही त्याने मला सांगितलं.

कांचनची गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली होती. आम्ही आत बसलो. मागे, बरोबर तिच्या गाडीच्या वाटेत, रमण आणि मोहन उभे राहिले होते. रमण मोहनला सांगत होता की उत्तरार्धात काय वाजवलं गेलं असणार. बोट वर होतं. हॉर्न वाजवला असता तर ते बाजूला झाले असते. कांचनने हॉर्न वाजवला नाही. तिने काच वर केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली.

"थांबू या थोडं, मावशी," ती म्हणाली. "मला घाई नाहीये."

आरशात रमणचं तोंड हलताना दिसत होतं. आतमध्ये त्यातला एक शब्दही येत नव्हता. चार-पाच मिनिटांनी मोहनला थंडी वाजायला लागली असावी, कारण त्याने हात खिशात घातले आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला. रमण बोलत बोलत त्याच्या मागे गेला. मग कांचनने गाडी मागे घेतली.